आसनामागचे इंजिन : मिड-इंजिन स्पोर्ट्स कारच्या मालकीचा इतिहास

मोटारगाडीत इंजिन कोठे बसवावे, या प्रश्नाचे उत्तर मोटारीच्या जन्मानंतर काही वर्षांतच बदलले. कार्ल बेंझ यांनी १८८६ मध्ये पेटंट घेतलेल्या तीनचाकीत इंजिन आसनाच्या मागे होते. परंतु १८९१ मध्ये पॅरिसच्या पानार-लव्हासॉर या कंपनीने पुढे इंजिन, त्यामागे क्लच व गिअरबॉक्स आणि मागच्या चाकांना गती अशी मांडणी केली आणि पुढे कित्येक दशके बहुतेक कारखाने त्याच मळलेल्या वाटेने गेले. मिड-इंजिन गाडी ही वाट मुद्दाम सोडते. तिच्यात इंजिन पुढच्या आणि मागच्या आसांच्या, म्हणजेच ॲक्सलच्या, दरम्यान आणि चालकाच्या पाठीशी असते. फोक्सवॅगन बीटल किंवा पोर्शे ९११ या गाड्यांत ते मागच्या आसाच्याही पलीकडे असते, म्हणून त्या या वर्गात बसत नाहीत. या रचनेने शर्यतीचे मैदान कसे मारले हे पुष्कळदा सांगितले गेले आहे. ती सामान्य गिऱ्हाइकाच्या दारात कशी पोचली, हा इतिहास मात्र निराळा आहे, कारण तिला तेथवर आणण्याचे श्रेय शर्यतीच्या गाडीपेक्षा कुटुंबाच्या वापरातल्या साध्या गाडीकडे अधिक जाते, आणि तिच्या मालकाने सोसलेल्या बऱ्याचशा अडचणींचे मूळही त्याच व्यवहारात सापडते.

या रचनेचा लाभ भौतिकशास्त्राच्या साध्या नियमावर आधारलेला आहे. वस्तूचे वजन तिच्या मध्याजवळ एकवटलेले असले की तिला स्वतःभोवती वळवायला कमी बळ लागते. या गुणधर्माला जडत्वाचे आघूर्ण म्हणतात, आणि ते कमी असलेली गाडी स्टिअरिंग फिरवताच वळणात शिरते. शिवाय वजनाचा मोठा वाटा मागच्या, म्हणजे गती देणाऱ्या, चाकांवर पडत असल्याने वेग वाढवताना टायरची रस्त्यावरची पकड टिकते. मात्र जी गाडी चटकन वळते ती चटकन गिरकीही घेते. वळणात घाबरून ॲक्सिलरेटरवरून पाय काढणाऱ्या नवख्या चालकाला सावरायला फारसा अवधी मिळत नाही. त्याखेरीज मागच्या आसनांची जागा इंजिनाने घेतलेली असते, त्याची उष्णता आणि आवाज पाठीशी असतो, पुढच्या रेडिएटरपर्यंत पाणी नेणाऱ्या नळ्या गाडीच्या पोटाखालून लांबवर जातात आणि दुरुस्तीसाठी हात घालायला जागा अपुरी पडते. नुसत्या मांडणीने गाडी वेगवान होत नाही, हे भारतीय वाचकाला मारुती ओम्नीवरून ठाऊक आहे. तिचे इंजिन पुढच्या आसनांखाली होते, ते मागची चाके फिरवत असे, आणि ते पाहण्यासाठी मेकॅनिकला आधी आसन उचलावे लागे.

शर्यतीत ही कल्पना लवकर आली. १९२३ मध्ये मोंझा येथील युरोपीय ग्रांप्रीत बेंझ कंपनीची चालकामागे इंजिन असलेली गाडी उतरली होती, आणि १९३४ ते १९३७ या काळात फर्डिनांड पोर्शे यांच्या आराखड्यावरून निघालेल्या ऑटो युनियनच्या सोळा सिलिंडरांच्या गाड्यांनी तिचे सामर्थ्य आणि तिचा द्वाडपणा दोन्ही जगासमोर आणले. तथापि तिचा निर्णायक विजय अगदी साध्या कारणातून झाला. दुसऱ्या महायुद्धानंतर लंडनजवळच्या सर्बिटनमध्ये चार्ल्स आणि जॉन कूपर या पितापुत्रांनी मोटारसायकलचे ५०० सीसी इंजिन वापरून स्वस्त शर्यती गाड्या बांधल्या. ते इंजिन साखळीने मागची चाके फिरवत असल्यामुळे ते मागे बसवणेच सोयीचे होते. याच वंशातल्या कूपर गाडीतून स्टर्लिंग मॉस यांनी १९५८ ची अर्जेंटिना ग्रांप्री जिंकली, जॅक ब्रॅबहम १९५९ आणि १९६० मध्ये जगज्जेते झाले, आणि त्यानंतर फॉर्म्युला वनमध्ये पुढे इंजिन असलेली गाडी कालबाह्य ठरली. १९६३ मध्ये ल मान्सची चोवीस तासांची आणि १९६५ मध्ये अमेरिकेतील इंडियानापोलिसची शर्यतही मिड-इंजिन गाड्यांनी प्रथमच जिंकली.

गिऱ्हाइकासाठी हीच रचना वापरण्यात मात्र कारखानदार कचरत होते. पोर्शे या नावाची पहिली गाडी १९४८ मध्ये ऑस्ट्रियातल्या ग्म्युंड गावी तयार झाली, तेव्हा तिचे इंजिन मागच्या आसाच्या पुढे होते. पण विक्रीसाठी ३५६ हे मॉडेल सिद्ध करताना ते आसामागे हलवले गेले, कारण घेणाऱ्याला आसनांमागे सामान किंवा लहान मुले बसवण्यापुरती जागा हवी होती. एन्झो फेरारी यांनाही सामान्य गिऱ्हाइकाच्या हाती बारा सिलिंडरांची मिड-इंजिन गाडी सोपवणे धोक्याचे वाटत असे. म्हणून त्यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस सहा सिलिंडरांची लहान गाडी डिनो या वेगळ्या नावाखाली आधी बाजारात आणली आणि बारा सिलिंडरांची बर्लिनेटा बॉक्सर गिऱ्हाइकांपर्यंत पोचायला १९७३ साल उजाडले. विक्रीसाठी बांधलेली पहिली मिड-इंजिन गाडी म्हणून ज्या रने बोने जेटचे नाव सामान्यतः घेतले जाते, ती फ्रान्समध्ये १९६२ मध्ये आली. तिची जुळणी लक्षणीय होती: इंजिन रेनो ८ या चार दारांच्या साध्या गाडीवरून घेतलेले, तर गिअरबॉक्स रेनोच्याच एस्ताफेत या सामानवाहू व्हॅनचा. ती व्हॅन पुढच्या चाकांवर चालणारी होती, म्हणून तिचे इंजिन, गिअरबॉक्स आणि चाकांचे दांडे एकाच ठिकाणी गोळा झालेले होते, आणि हाच गोळा उचलून मागे ठेवता येतो हे बोने यांनी हेरले.

या युक्तीला व्यापक रूप देणारी गाडी ब्रिटनमध्ये १९५९ मध्ये अवतरली होती. ॲलेक इसिगोनिस यांनी मिनी या छोट्या गाडीत जागा वाचवण्यासाठी इंजिन आडवे बसवले आणि गिअरबॉक्स त्याच्या खाली, तेलाच्या कुंडातच सामावला. सहा वर्षांनी, नोव्हेंबर १९६५ मध्ये, ट्रॅक्टरच्या धंद्यातून मोटारीकडे वळलेल्या फेरुच्चो लाम्बोर्गिनी यांच्या कंपनीने तूरिनच्या प्रदर्शनात एक उघडा सांगाडा मांडला. त्यात जवळजवळ चार लिटरचे, बारा सिलिंडरांचे इंजिन मिनीप्रमाणे आडवे होते आणि गिअरबॉक्स त्याच्याच ओतीव कवचात होता. जानपाओलो दाल्लारा आणि पाओलो स्तांझानी या तरुण अभियंत्यांच्या या सांगाड्यावर बेर्तोने या बॉडी बांधणाऱ्या कारखान्यातील मार्चेल्लो गांदिनी यांनी आकार चढवला आणि मार्च १९६६ मध्ये जिनिव्हात म्युरा प्रकट झाली. १९७३ पर्यंत अशा साडेसातशेहून थोड्या अधिक गाड्या बांधल्या गेल्या. तिच्या मालकाला जगातली अत्यंत देखणी गाडी मिळत असे आणि तिच्यासोबत तापलेली केबिन, मागे एका बॅगेपुरती जागा आणि कानाशी खडखडणारे इंजिन हेही पदरी पडे. पेट्रोलची टाकी पुढे असल्यामुळे ती रिकामी होत गेली की भरवेगात गाडीचे नाक हलके पडे, आणि इंजिन व गिअरबॉक्स यांचे तेल एकच असल्याने गिअरमधून निघालेला धातूचा कीस इंजिनात फिरण्याचे भय असे. ही दोन तेले वेगळी करण्याची सुधारणा शेवटच्या काही गाड्यांतच झाली.

म्युरा श्रीमंतांची होती. पण तिच्यातली युक्ती गरिबाघरची होती आणि ती लवकरच माघारी आली. इटलीत फियाटचे मुख्य अभियंता दान्ते जाकोझा यांनी आडव्या इंजिनाच्या शेजारी, एकाच रेषेत, गिअरबॉक्स जोडण्याची पद्धत १९६४ च्या आउटोबियांकी प्रिमूलामध्ये वापरून पाहिली आणि १९६९ च्या फियाट १२८ मध्ये पक्की केली. आज जगभरच्या लहान गाड्या बहुतांशी याच पद्धतीने बांधल्या जातात. १२८ चे १२९० सीसीचे इंजिन गिअरबॉक्ससह उचलून आसनांमागे ठेवले की मिड-इंजिन गाडीचा सर्वांत महागडा भाग आयता मिळत होता. १९७२ मध्ये आलेली, पुन्हा गांदिनी यांनीच रेखलेली फियाट एक्स १/९ याच हिशेबातून जन्मली. तिची आखणी काटकसरीचा उत्तम नमुना आहे: पेट्रोलची टाकी आणि स्टेपनी आसनांमागे शेजारी-शेजारी, पुढे एक डिकी, मागे दुसरी, आणि छताचा काढता येणारा तुकडा पुढच्या बॉनेटखाली सपाट बसणारा. १९८९ पर्यंत या गाडीच्या दीड लाखांहून अधिक प्रती निघाल्या. नगरपालिकेतला कारकून किंवा शाळामास्तर जी गाडी वापरत असे तिचेच प्लग, तिचाच टायमिंग बेल्ट आणि तिचाच क्लच या स्पोर्ट्स कारला चालत असल्याने सुटे भाग कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत. मालकाचे खरे वैर गंजाशी होते.

ब्रिटनमधल्या लोटसने १९६६ च्या युरोपा या गाडीसाठी रेनो १६ चे इंजिन घेतले. ते उभे, म्हणजे गाडीच्या लांबीच्या दिशेने, बसणारे होते. ते गिअरबॉक्ससह उलटे फिरवून मागे बसवल्यावर चाके उलट्या दिशेने फिरली असती आणि गाडीला चार गिअर मागे जाण्याचे व एकच पुढे जाण्याचा मिळाला असता, म्हणून अंतिम दंतचक्र दुसऱ्या बाजूला हलवण्याची खटपट करावी लागली. आडव्या इंजिनाला ही खटपट लागत नाही, आणि स्वस्त मिड-इंजिन गाड्यांनी पुढे आडवी मांडणी का पसंत केली याचे एक कारण येथे दिसते. युरोपाच्या पहिल्या मालिकेत वजन आणि पैसा वाचवण्यासाठी दारांच्या काचा खाली होत नसत. उन्हाळ्यातल्या प्रवासात या काटकसरीची किंमत मालक घामाने चुकवत असे.

१९६९ मध्ये फोक्सवॅगन आणि पोर्शे यांनी मिळून काढलेली ९१४ हीदेखील अशीच उसन्या इंजिनाची गाडी होती. तिच्या साध्या आवृत्तीत फोक्सवॅगनच्या ४११ या कौटुंबिक गाडीचे, हवेने थंड होणारे, १.७ लिटरचे इंजिन होते. १९७६ पर्यंत सव्वा लाखाच्या आतबाहेर गाड्या विकल्या गेल्या. तिच्या रचनेतल्या एका बारीक तपशिलावरून मिड-इंजिन गाडीचे दुखणे नेमके कळते. इंजिनावर झडपेची जाळी होती, जिच्यातून हवा आत जाई आणि पाऊसही आत येई. जागेअभावी बॅटरी त्याच जाळीखाली उजव्या कोपऱ्यात ठेवलेली होती. पावसाचे पाणी बॅटरीवर पडे, तिच्या आम्लासह खाली ठिबके, आधी बॅटरीखालचा ट्रे खाई, मग त्याखालची पेटीच्या आकाराची तुळई पोखरे आणि शेवटी मागच्या चाकाचा सस्पेन्शनचा आधार सडवी. वरून रंग झळकत असताना गाडीचा कणा कुजलेला असू शके. म्हणूनच जुनी ९१४ पाहायला गेलेला जाणता गिऱ्हाईक रंगाकडे न पाहता आधी इंजिनाचे झाकण उघडतो, बॅटरी उचलायला लावतो आणि खालच्या पत्र्यावर पेचकसाची मूठ ठोकून आवाज ऐकतो.

अमेरिकेत हा प्रयोग मोठ्या प्रमाणावर झाला आणि त्याची किंमतही मोठी मोजावी लागली. जनरल मोटर्सच्या पॉन्टिॲक विभागाने फिएरो ही गाडी कमी पेट्रोलात ऑफिसला जाण्यायेण्याची दोन आसनांची गाडी म्हणून वरिष्ठांकडून मंजूर करून घेतली आणि १९८४ च्या मॉडेल-वर्षापासून १९८८ पर्यंत सुमारे ३ लाख ७० हजार गाड्या काढल्या. खर्च आवरण्यासाठी पुढचे सस्पेन्शन शेव्हेट या लहान गाडीचे आणि मागे इंजिनासह सगळा आधार सायटेशन या पुढच्या चाकांच्या गाडीचा, असे जोडकाम करण्यात आले होते. पहिल्या वर्षीच्या चार सिलिंडरांच्या इंजिनात तेल कमी पडले की पिस्टनचा दांडा तुटून इंजिनाला भोक पडे आणि सांडलेले तेल तापलेल्या एक्झॉस्टवर पेट घेई. पुढे इंजिन असते तर धूर चालकाच्या डोळ्यांसमोर दिसला असता. येथे तो पाठीमागे होता. १९८७ मध्ये त्या गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावण्यात आल्या. १९८८ मध्ये फिएरोला अखेर स्वतःचे, योग्य सस्पेन्शन मिळाले आणि त्याच वर्षी तिचे उत्पादन थांबवण्यात आले.

जपान्यांनी हेच सूत्र शिस्तीने वापरले. टोयोटाने १९८४ मध्ये पुढच्या चाकांच्या कोरोलातले १.६ लिटरचे सोळा व्हॉल्व्हचे इंजिन आसनांमागे ठेवून एमआर २ काढली. तिने रोजच्या वापरात कोरोलाइतकाच भरवसा देऊन मिड-इंजिन गाडी म्हणजे गॅरेजची कायमची पाहुणी, हा समज मोडला. १९८९ मध्ये आलेल्या तिच्या दुसऱ्या पिढीवर वळणात अचानक गिरकी घेण्याचा ठपका आला आणि काही वर्षांत कंपनीला सस्पेन्शन व टायर बदलावे लागले. होंडाची १९९० ची एनएसएक्स या सूत्राबाहेरची होती. तिचा सांगाडा ॲल्युमिनियमचा, इंजिन तीन लिटरचे आणि किंमत भारी होती, परंतु तिच्यातून चहूबाजूंना नीट दिसे, वातानुकूलन चाले आणि ती सर्व्हिसिंगसाठी फारशी अडून बसत नसे. महाग गाडीच्या मालकाने त्रास सोसलाच पाहिजे हा इटालियन दंडक तिने खोटा ठरवला, आणि तिचा धसका फेरारीच्या पुढच्या गाड्यांत जाणवतो.

फेरारीच्या बाबतीत त्रासाचे नाव टायमिंग बेल्ट असे होते. हा रबरी पट्टा इंजिनातल्या व्हॉल्व्हची उघडझाप पिस्टनच्या हालचालीशी जुळवून ठेवतो आणि ठराविक वर्षांनी तो बदलावाच लागतो. १९८९ च्या ३४८ आणि १९९४ च्या एफ ३५५ या मॉडेलांत तो केबिनच्या पत्र्याला भिडून असल्यामुळे तेवढ्या एका कामासाठी संपूर्ण इंजिन खाली उतरवावे लागे. १९९९ च्या ३६० मोडेनामध्ये आसनांमागच्या झाकणातून हात पोचू लागला, २००४ च्या एफ ४३० मध्ये पट्ट्याऐवजी साखळी आली, आणि पुढे कंपनीने नव्या गाडीबरोबर सात वर्षांची नियमित देखभाल देऊ केली. जुन्या फेरारीच्या बाजारात त्यामुळे एक प्रथा रूढ झाली: गाडी किती धावली यापेक्षा इंजिन शेवटचे कधी उतरवले होते आणि त्याची बिले आहेत का, यावर सौदा ठरतो. स्वस्तात मिळालेली गाडी पुष्कळदा चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला ठरते.

१९९५-९६ या दोन वर्षांत मध्यमवर्गीय युरोपीय गिऱ्हाइकासमोर एकदम तीन पर्याय आले: ब्रिटनची एमजी एफ, लोटस एलीस आणि जर्मनीची पोर्शे बॉक्स्टर. पहिल्या दोघींत रोव्हरच्या छोट्या गाड्यांसाठी बनवलेले के-सिरीज इंजिन होते. ते हलके होते, पण त्यात कूलंट थोडेच मावत असे. रेडिएटर गाडीच्या नाकाशी आणि इंजिन मागे असल्यामुळे लांबच्या नळ्यांतून येणाऱ्या थंड पाण्याच्या झटक्याने हेडगॅस्केट, म्हणजे इंजिनाचे डोके आणि धड यांच्यामधली चकती, निकामी होण्याचे प्रकार वाढले. पुढे इंजिन असलेल्या गाडीसाठी आखलेला भाग जागा बदलला की कसा वागतो, याचा हा बोलका दाखला आहे. बॉक्स्टरने दुसऱ्या तऱ्हेने काटकसर केली: तिचा पुढचा भाग त्या काळच्या नव्या ९११ शी समाईक होता. दोन्ही टोकांना डिक्या असलेली आणि रोज वापरता येणारी ही गाडी अडचणीत आलेल्या पोर्शेला तारणाऱ्या गाड्यांपैकी एक ठरली. मात्र तिचे इंजिन मालकाला सहसा दिसतच नाही; तेल आणि कूलंट भरण्याची तोंडे मागच्या डिकीत आणि इंजिन दोन झाकणांखाली गाडलेले. त्यातल्या इंटरमीडिएट शाफ्टचे बेअरिंग काही गाड्यांत फुटून सगळे इंजिन वाया गेले, अमेरिकेत मालकांनी सामूहिक दावा लावला आणि २०१३ मध्ये तडजोड झाली. तेव्हापासून वापरलेली बॉक्स्टर घेणारा तिचा ऑइल फिल्टर उतरवून कापतो, आतला कागद पसरून उजेडात धरतो आणि घड्यांत धातूचे चमकते कण आहेत का ते पाहतो.

एकविसाव्या शतकात हेच सूत्र टिकून राहिले. २०१७ ची फ्रेंच आल्पीन ए ११० रेनो कुटुंबातल्या १.८ लिटरच्या टर्बो इंजिनावर चालते. अमेरिकेत झोरा आर्कस-डंटॉव्ह या अभियंत्याने १९६० पासून धरलेला आग्रह तब्बल सहा दशकांनी फळाला आला आणि जुलै २०१९ मध्ये मिड-इंजिन कॉर्व्हेट जाहीर झाली, तेव्हा तिची आरंभीची किंमत ६० हजार डॉलरच्या किंचित आत ठेवण्यात आली होती. तिच्या मागच्या डिकीत गोल्फचे सामान मावेल याचीही काळजी घेतली गेली, कारण जुन्या गिऱ्हाइकाला ती सवय होती.

भारतात मिड-इंजिन स्पोर्ट्स कार प्रथम सार्वजनिक चर्चेत आली ती जकातीमुळे. सचिन तेंडुलकर यांनी डॉन ब्रॅडमन यांच्या २९ कसोटी शतकांशी बरोबरी केल्याबद्दल फियाटने २००२ मध्ये त्यांना ३६० मोडेना भेट दिली. तिच्यावरची आयात जकात एक कोटी रुपयांवर जात होती. सरकारने ती माफ करताच २००३ मध्ये टीकेची झोड उठली, प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले आणि अखेर ती रक्कम फियाटने भरली. गाडी फुकट मिळूनही ती घरी आणणे किती खर्चाचे असते, हे त्या निमित्ताने देशाला कळले. त्यानंतर मुंबईचे वाहनरचनाकार दिलीप छाब्रिया यांनी २०१२ मध्ये दिल्लीच्या ऑटो एक्स्पोत अवांती ही मिड-इंजिन गाडी मांडली, जिच्यात रेनोचे दोन लिटरचे टर्बो इंजिन बसवले गेले. आणि मार्च २०१७ मध्ये टाटा मोटर्सने जिनिव्हात रेसमो दाखवली, जिच्या आसनांमागे कंपनीच्याच लहान गाड्यांचे १.२ लिटरचे रेव्होट्रॉन इंजिन १९० अश्वशक्तीपर्यंत वाढवून ठेवलेले होते. अवांती थोड्याच लोकांपर्यंत पोचली आणि रेसमो विक्रीला आलीच नाही.

या दोन्ही गाड्यांचा आराखडा जेट, एक्स १/९ आणि एमआर २ यांच्याच परंपरेतला होता, आणि त्यासाठी लागणारा कच्चा माल भारतात १९८३ च्या मारुती ८०० पासून, म्हणजे आडव्या इंजिनाच्या पुढच्या चाकांच्या गाड्या लाखांनी बनू लागल्यापासून, उपलब्ध होता. कमतरता इंजिनाची किंवा अभियंत्याची नव्हती. दोन आसनांची आणि जमिनीला लागून धावणारी गाडी तोच घेतो ज्याच्या घरी मुलाबाळांसाठी दुसरी गाडी आधीच उभी आहे, हिच्यासाठी वाहनतळाची जागा आहे आणि ज्याच्या रस्त्यावरचे गतिरोधक तिच्या पोटाला लागत नाहीत. इटलीत, जपानमध्ये आणि अमेरिकेत असा गिऱ्हाईक १९७० आणि १९८० च्या दशकांत तयार झाला, तेव्हा कारखान्यांनी साधे इंजिन उचलून त्याच्या पाठीमागे ठेवले; ज्या बाजारात तो अजून मूठभर आहे, तेथे ही गाडी प्रदर्शनाच्या मंचावरून खाली उतरत नाही.